तीन मिलिमीटरची गोलाई

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ‘वज्रहस्त क्रेन्स’ नावाचा कारखाना होता. तिथे रेवती कुंभोजकरला सगळे मागून ‘अपडेटबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता, कारण गेली एकोणीस वर्षं ती तेच करत आली होती. कंपनीतले साठ डिझायनर ‘रेखक’ नावाच्या सॉफ्टवेअरवर क्रेनचे भाग काढत, आणि ते सॉफ्टवेअर ताजं ठेवायचं काम रेवतीचं. दरवर्षी नवी आवृत्ती यायची. ती आधी बाजूच्या एका संगणकावर चढवून बघायची, जुनी ड्रॉइंग्ज तिच्यात उघडतात का ते तपासायचं, परवाने जुळवायचे आणि मग सुटीच्या दिवशी सगळीकडे बसवायची. सोमवारी कामावर आलेल्या माणसाला काही बदलल्याचं जाणवलंही नाही, की ती समजायची, काम चोख झालं.

२०४१ साली आवृत्ती तेहेतीस आली. ही नेहमीसारखी नव्हती. लोकांच्या डोक्यावर जे जे टांगलं जातं, त्याच्या प्रत्येक भागाची ‘वंशावळ’ सरकारकडे नोंदवावी असा कायदा त्या वर्षी लागू झाला होता, आणि ती वंशावळ शोधून काढायची सोय या आवृत्तीत होती.

वंशावळ म्हणजे काय, हे रेवतीने जूनमधल्या बैठकीत सगळ्यांना समजावलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, ड्रॉइंगची फाइल म्हणजे एक चित्र. तसं नसतं. ती पाककृती असते. एवढ्या जाडीचा दंड घ्या, इथून पुढे तो बारीक करा, या कोपऱ्याला गोलाई द्या, इथे भोक पाडा. फाइल उघडली की सॉफ्टवेअर दर वेळी ती कृती वाचून भाग नव्याने रांधतं. आवृत्ती बदलली की आचारी बदलतो. कृती तीच असते, पण नवा आचारी एखादी ओळ वेगळी वाचतो, एखादी त्याला लागतच नाही आणि तो ती सोडून देतो. हजार भागांत एखादाच असा बिघडतो, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही.

आवृत्ती तेहेतीसच्या पोटात तिच्या आधीचे सगळेच आचारी जिवंत ठेवलेले होते. प्रत्येक भाग ती पहिल्यापासून एकेका आवृत्तीत रांधून बघे आणि आकार नेमका कुठे बदलला ते सांगे. शिवाय जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिकची एक मागोवा-फाइल गुपचूप लिहून ठेवत असे. त्या फाइली बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून होत्या, कुणाला वाचता येत नव्हत्या. आता येऊ लागल्या. त्यामुळे बदल माणसाच्या हातून झाला की सॉफ्टवेअरच्या, हेही कळे. माणसाच्या हातून झाला असेल तर नाव आणि वेळ.

रेवतीने सोमवारी सकाळी एक्केचाळीस हजार भाग या आवृत्तीच्या हवाली केले. गुरुवारी अकराच्या सुमारास काम संपलं. दोनशे बारा ओळी लाल होत्या. चहा घेता घेता ती एकेक वाचू लागली. सतराव्या ओळीवर तिचा हात थांबला.

‘एचबी-४१७. हुक ब्लॉकचा दंड. खांद्यावरची तीन मिलिमीटर गोलाई नाहीशी. आवृत्ती तेरामधून चौदामध्ये नेताना. कड सापडली नाही. इशारा दिला होता. त्या दिवशीचे एकूण इशारे अकराशे सहा. सर्व दुर्लक्षित. दुपारी ३.४२. वापरकर्ता आर. कुंभोजकर.’

तिने कप खाली ठेवला. ओळ पुन्हा वाचायची गरज नव्हती. एचबी-४१७ हा भाग कंपनीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला पाठ होता.

क्रेनचा आकडा ज्याला टांगलेला असतो तो जाड दंड जिथे बारीक होतो तिथे एक खांदा तयार होतो. त्या कोपऱ्याला गोलाई दिली तर दंडातला ताण सरळपणे वळून जातो. कोपरा काटकोनी ठेवला तर सगळा ताण तिथेच तुंबतो. दंड लगेच तुटत नाही. हजारो वेळा भार उचलून ठेवल्यावर त्या कोपऱ्यात केसासारखा तडा जातो आणि तो आत सरकत राहतो. एचबी-४१७ चौदा महिने टिकला. मग मिरजेच्या एका ओतकामाच्या फाउंड्रीत, दिवसपाळीत, साच्याची पेटी उचलताना तो तुटला. खाली सिकंदर मुजावर उभा होता. त्याचं वय अठ्ठावीस होतं. घरी बायको मुमताज आणि तीन वर्षांची मुलगी.

चौकशी झाली. फाइल उघडली तर खांद्याला गोलाई नव्हती. काढणारा बाहुबली आवटी, तपासणारा बाहुबली आवटी. फाइल नव्या आवृत्तीत नेताना सॉफ्टवेअर जुनीच नावं तशीच पुढे ठेवत असे, हे समितीतल्या कुणाला माहीत नव्हतं. रेवतीला माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही.

आवटी सरांनी तिला कामाला लावलं होतं. दंड, खांदा, गोलाई हे शब्द तिला त्यांनीच शिकवले होते. ते समितीपुढे सांगत राहिले की मी गोलाई दिली होती. कागदी प्रिंट त्याच वर्षी लगद्यात गेले होते. बॅकअप होता, पण तो उघडायला आवृत्ती तेरा लागत होती. सर रेवतीच्या टेबलाशी आले होते.

“रेवती, तेरा एकदा चालू करता येईल का? अर्ध्या तासापुरती.”

“सर, तेरा आता चालत नाही. परवाना संपला.”

हे खरं होतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं तर महिनाभराचा जुना परवाना मिळतो, हेही खरं होतं. पण आवृत्ती चौदा ही तिने बसवलेली पहिली. साठ मशिनं एका दिवसात बदलली म्हणून तिचं मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. त्या दिवशीची इशाऱ्यांची यादी तिने उघडलीच नव्हती. आता उघडावी, असं तिला एकदा वाटलं, आणि तिने उघडली नाही. सर दुसऱ्यांदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “जाऊ दे. माझीच नजर चुकली असेल.”

त्यांनी राजीनामा दिला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. पुढच्या वर्षी संगणकीय ड्रॉइंगचा सगळा कॅड विभाग रेवतीकडे आला.

दुपारी ती निरंजन शेट्यांकडे गेली. निरंजन म्हणजे मोठ्या साहेबांचा मुलगा, आता कंपनीचा मालक. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. तिने कागद पुढे ठेवला. त्याने शांतपणे वाचला.

“ताई, हे प्रकरण संपलंय.”

“चारशे सतरा संपलंय, साहेब. त्याचं ड्रॉइंग तेव्हाच दुरुस्त झालं. पण त्याच दिवशी, त्याच कारणानं आणखी आठ भागांची गोलाई गेलीय. ते आजही चालतायत. चारशे तीस क्रेन आहेत.”

“अठरा वर्षांत तुटले?”

“त्यांच्यावर भार कमी असतो. तडा हळू जातो. जात नाही असं नाही.”

शेट्याने चष्मा काढला. “नवीन ड्रॉइंगं आजच दुरुस्त करा. क्रेन आपण सर्व्हिसिंगच्या निमित्तानं हळूहळू बघून घेऊ. कायद्यात एक सोय आहे. ज्या आवृत्त्यांच्या नोंदी वाचता येत नाहीत, त्या वगळता येतात. आवृत्ती विसाच्या आधीचं वाचता येत नाही, एवढं लिहायचं. खाली सही तुमची लागते.”

“पण वाचता येतंय.”

“तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतंत ना, तेरा चालत नाही म्हणून? अहवालात आहे ते. तेच आत्ता सांगायचं.” तो आवाज न चढवता बोलत होता. “यात तुमचंही नाव आहे, ताई. मी तुमच्याच भल्याचं बोलतोय.”

रेवती बाहेर आली. हळूहळू म्हणजे किती, हे तिला कळत होतं. चारशे तीस क्रेन, चार राज्यांत. सर्व्हिसिंगची तीन माणसं. सगळ्या बघून व्हायला पाच वर्षं. आणि नुसते ते आठ भाग कळवायची सोय नव्हती. वंशावळीत भाग सुटे नोंदवता येत नसत. घटना नोंदवावी लागे, आणि घटनेबरोबर तिच्यातले सगळे भाग, तारीख, वेळ आणि नाव आपोआप जाई. आठ भाग कळवायचे तर नववा एचबी-४१७ असणारच होता.

रविवारी सकाळी ती समडोळीला गेली. आवटी सर अंगणात शेजाऱ्याचा फवारणीचा पंप खोलून बसले होते. बहात्तर वर्षांचे, वाळलेले, पण हात पूर्वीसारखेच स्थिर. अठरा वर्षांत ती त्यांना दोनदा भेटली होती, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाच्या लग्नात.

“ये. बस,” ते म्हणाले. “चहा करावा लागेल मलाच. पद्मा गेली, कळलं असेल तुला.”

“काकूंचं कळलं होतं, सर. यायला जमलं नाही.”

“हं.”

तिने चहा नको म्हटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे थांबली तर पुढचं बोलता येणार नाही असं वाटत होतं. मग कागद दिला. सरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

“अकराशे सहा,” ते म्हणाले.

“हो.”

“बघितले नाहीस.”

“नाही.”

त्यांनी त्या ओळीखालून बोट फिरवलं. मग म्हणाले, “पण मला आठवतंय की.”

“काय, सर?”

“मी ती गोलाई काढून टाकली ते. लेथवरचा टर्नर म्हणाला होता, साहेब, या गोलाईला वेगळं टूल लावावं लागतं, टाइम जातो. मी म्हटलं, बरं, काढू. माझ्या टेबलावर ऊन आलं होतं. मी त्या कडेवर क्लिक केलं आणि ती गेली. मला दिसतंय ते.”

“तसं झालं नाही, सर. तुमच्या मशिनचा सगळा मागोवा वाचलाय. तुम्ही तीनची गोलाई दिलीत आणि तिला परत हातही लावला नाहीत.”

“मग मी काय बघतोय इतकी वर्षं?”

सर पुढे बोलत राहिले, जणू तिला नव्हे, पंपाला सांगत होते. “पहिली दोन वर्षं मला काही आठवत नव्हतं. मी रोज आठवायला बसायचो. केली असेल तर कशी केली असेल, कधी केली असेल. मग एक दिवस आठवलं. टर्नरसकट. बरं वाटलं मला. निदान कळलं तरी.” ते थांबले. “पद्माला मी बसवून सांगितलं, चूक माझी होती. तोवर ती सगळ्यांशी माझ्या बाजूनं भांडत होती. त्या दिवसानंतर भांडायची बंद झाली. तेच मनात धरून गेली ती.”

“सर, मी…”

“थांब. मुमताजकडं मी दरवर्षी जातो, त्या तारखेला. सात वर्षं तिनं दार उघडलं नाही. आठव्या वर्षी उघडलं. म्हणाली, आत या. म्हणाली, सर, केलं माफ. तिच्या पोरीला दहा वर्षं भूमिती शिकवली मी. आता इंजिनिअरिंगला आहे, शेवटच्या वर्षाला. त्या घरात गेलो की मी कोण ते मला कळतं. चूक केलेला आणि माफ केलेला माणूस.” त्यांनी कागदाची घडी घातली. “हे तिथं कळता कामा नये.”

“सर, आठ भाग चालू आहेत अजून. ते कळवायचे तर हे जाणारच. एकच घटना आहे.”

सरांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“म्हणजे तू विचारायला नाही आलीस. सांगायला आलीस.”

“हो.”

“बरोबर आहे. माणसं खाली उभी असतात. कळवलंच पाहिजे.” ते उठले आणि कागद तिच्या हातात परत दिला. “तेव्हा कळवलं असतंस तरी बरोबरच झालं असतं.”

ते पुन्हा पंपाशी जाऊन बसले आणि त्यांनी वॉशर शोधायला घेतला. ती कागद पर्समध्ये ठेवून निघाली.

सोमवारी साडेनऊला तिने घटना नोंदवली. शेट्याला सांगायला ती वर गेली, तोवर त्याला सरकारी पोचपावती मिळाली होती. तो म्हणाला, “घरी जा, ताई.” तिचा पासवर्ड ती जिना उतरेपर्यंत बंद झाला.

पुढचे दोन महिने चारशे तीस क्रेन जागच्या जागी थांबल्या. सहा दंडांत तडे सापडले. त्यातला एक इचलकरंजीच्या गोदामात होता, दोन तृतीयांश आत गेलेला. त्याच्या खालून रोज चाळीस हमाल ये-जा करत. ही बातमी कुठे आली नाही. बातमी आली ती अशी, की अठरा वर्षांपूर्वीचा अपघात एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला होता, हे कंपनीने अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या मदतीने स्वतःहून उघडकीस आणलं. रेवतीचं नाव आणि फोटो होता. त्या वेळी इशाऱ्यांची यादी तपासायला एका माणसाला एक दिवस दिला होता, हे कुणी लिहिलं नाही. तिनेही कुठे सांगितलं नाही. एक दिवस दिला होता हे खरं, पण दुसरा दिवस तिने मागितला नव्हता.

क्रेन थांबल्या म्हणून कारखान्यातली एक पाळी बंद झाली. ज्यांचं काम गेलं ते तिला बाजारात ओळख देईनासे झाले. कंपनीने आवटी सरांचा जाहीर सत्कार ठरवला. पत्रिका छापल्या, हॉल घेतला. सर गेले नाहीत. शाल आणि मानपत्र घेऊन दोन माणसं समडोळीला गेली, तर घराला कुलूप होतं. सर आतच होते, असं शेजारी म्हणाला.

ऑक्टोबरात, वर्ष पुरं व्हायच्या आधीच, आवृत्ती चौतीस आली. रेवतीच्या जागी आलेल्या माणसाने ती बसवली. वंशावळ आता दहा वर्षांपलीकडे जात नव्हती. जगभरच्या कंपन्यांनी तक्रारी केल्या होत्या की इतकं मागचं काढून उपयोग काही नाही, नुसतीच माणसं एकमेकांवर उठतात. कायदाही तेवढाच आखडला. रेवती ऑक्टोबरपर्यंत थांबली असती तर तिला काही कळलंच नसतं.

नोव्हेंबरात सिकंदर गेला ती तारीख आली. आदल्या दिवशी रेवतीने सरांना फोन केला. त्यांनी उचलला.

“सर, उद्या तुम्ही मिरजेला जाणार असाल तर मी बरोबर येते.”

“मी नाही जाणार.”

“का, सर?”

“मी कशाला जाऊ? माझा काय संबंध आता तिथं?” ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

ती एकटीच गेली. मुमताज मुजावर अंगणवाडीत सेविका होती आणि अंगणवाडी तिच्या घराला लागूनच होती. सकाळचे दहा वाजले होते. ओसरीवर ती तांदूळ निवडत होती. चव्वेचाळिशीची, डोक्यावरून पदर घेतलेली, रुंद हाडाची बाई. फोटो पेपरात आल्यामुळे तिने रेवतीला लगेच ओळखलं. ओळखल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही.

“सर कुठायत?”

“येणार नाहीत म्हणाले.”

“का? तब्येत?”

“तब्येत बरी आहे. त्यांना वाटतं, त्यांची चूक नव्हती तर आता त्यांनी इथं यायचं कारण नाही.”

मुमताजचा हात सुपात थांबला. “चूक नव्हती म्हणून येत नाहीत?”

अंगणवाडीच्या दारात एक बाई मुलाला सोडून गेली. मूल रडत होतं. मुमताजने त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि त्याच्या हातात चार दाणे दिले. ते गप्प झालं.

“मी माफी मागायला आलेय,” रेवती म्हणाली. “ती चूक माझी होती. आणि नंतर मला शंका आली होती, तरी मी बघितलं नाही. तेही माझंच.”

मुमताजने सूप खाली ठेवलं. ती रागावली नव्हती. बोलली तीही हिशोबी, सावकाश, जसं एखाद्याला पत्ता समजावून सांगावा.

“मला आठ वर्षं लागली, बाई. रोज थोडं थोडं करून मी मनाची तयारी केली. नवरा गेला ते एकदा, आणि त्या माणसाला घरात घ्यायचं ठरवलं ते दुसऱ्यांदा. दुसरं जास्त अवघड होतं. माझ्या सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं त्यापायी. जे काही होतं माझ्याजवळ, ते मी सरांना दिलं. ते आता काढून तुम्हाला देता येत नाही. आणि नवीन करायची माझ्यात ताकद राहिली नाही.”

“मला समजतं.”

“नाही समजत. समजायचं कारणही नाही.” मुमताजने मुलाचं नाक पदराने पुसलं. “चुकीच्या माणसाला माफ केलं, असं पोरगी म्हणते माझी. पेपर वाचल्यापासून सरांना फोन लावतीय, ते उचलत नाहीत. रडली काल. माणूस चुकीचा नव्हता, मी तिला म्हटलं. पण आता त्याला कोण सांगणार.”

मुलं एकेक करून येऊ लागली होती. मुमताज उठली, मुलाला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने सूप उचललं. रेवतीही उठली, पायरी उतरली आणि रस्त्याला लागली. पाच-सहा पावलं गेली असेल, तेव्हा मागून आवाज आला.

“पुढच्या वर्षी सरांना घेऊन या,” मुमताज म्हणाली. “कसंही करून आणा. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.”